‘कंपनीची बाजू समजू शकली नाही’

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या उद्योगाविषयीच्या तक्रारीची बातमी छापून येते, तेव्हा तिच्या शेवटच्या परिच्छेदात बहुधा एक ठरलेले वाक्य असते : ‘याबाबत कंपनीच्या अधिकाऱ्यांशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, मात्र त्यांची बाजू समजू शकली नाही.’ दोन-तीन दिवसांनी आतल्या पानावर त्याच कंपनीचा खुलासा येतो. बातमी वस्तुस्थितीला धरून नाही, असे त्यात ठासून म्हटलेले असते आणि वस्तुस्थिती काय आहे, हे मात्र कुठेही सांगितलेले नसते. मी बत्तीस वर्षे निरनिराळ्या उत्पादक कंपन्यांच्या जनसंपर्क विभागांत काम करून निवृत्त झालो आहे. असे खुलासे मी स्वतः लिहिले आहेत, पुष्कळ लिहिले आहेत, आणि त्यांतल्या एकानेही कुणा वाचकाचे मत बदलल्याचे मला आठवत नाही. त्या ठरलेल्या वाक्यामागे कंपनीच्या कचेरीत काय घडत असते आणि ते वाक्य छापले जाण्याची वेळ येऊ नये म्हणून काय करता येते, हे उद्योग चालवणाऱ्यांपुढे मांडावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

बातमीदाराचा फोन साधारणपणे संध्याकाळी येतो. जनसंपर्क अधिकाऱ्याला त्या तक्रारीचा पत्ताच नसतो, म्हणून तो कारखान्याच्या व्यवस्थापकाला विचारतो. व्यवस्थापक म्हणतो, वरून परवानगी आल्याशिवाय मी काही सांगणार नाही. वरचे साहेब विमानात असतात. कायदा विभाग कळवतो की तूर्त एक अक्षरही बोलू नये. आणि तोवर पान छपाईला गेलेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की कंपनीने काहीतरी दडवले. तसे कधी कधी असतेही. पण माझा अनुभव असा की, पुष्कळदा कंपनीची बाजू बातमीदाराला समजू शकत नाही, कारण ती कंपनीलाच समजलेली नसते. ज्या विभागाला ठाऊक असते त्याला बोलण्याचा अधिकार नसतो आणि ज्याला बोलण्याचा अधिकार असतो त्याला कुणी काही कळवलेले नसते.

माझीच एक गोष्ट सांगतो. आमची कंपनी पाण्याच्या नळजोडणीत वापरायच्या झडपा बनवत असे. त्यांतल्या एका प्रकारच्या झडपेतले रबरी कडे उष्णतेने लवकर चिरू लागले होते. पहिली तक्रार सेवा विभागाच्या वहीत चार महिने आधी नोंदवलेली होती, विक्रेत्यांनी मिळून नऊ पत्रे लिहिली होती आणि सेवा विभागाने गुपचूप कडे बदलून देण्याचा शिरस्ताही पाडला होता. या साऱ्याची पहिली वार्ता मला एका बातमीदाराने फोनवर दिली. मी घाईघाईने माहिती गोळा केली आणि रात्री जे निवेदन पाठवले त्यात ‘तुरळक तक्रारी’ असे शब्द घातले, कारण कारखान्याने मला तसेच सांगितले होते. दुसऱ्या दिवशी त्या नऊ पत्रांपैकी चारांची छायाचित्रे बातमीसोबत छापून आली. झडप सुधारायला तीन आठवडे लागले. ‘तुरळक’ या शब्दाची दुरुस्ती मला निवृत्त होईपर्यंत करता आली नाही. तो बातमीदार पुढे कित्येक वर्षे माझे प्रत्येक विधान दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घेत असे, आणि त्याचे बरोबर होते.

या प्रसंगात चूक कुठे झाली, असे विचारले तर बहुतेक जण त्या रात्रीच्या निवेदनाकडे बोट दाखवतील. माझ्या मते ती चार महिने आधी झाली. सेवा विभागाची वही दर महिन्याला पाहण्याचा परिपाठ मी ठेवला असता, तर तिसऱ्या-चौथ्या पत्रालाच मला विचारता आले असते की, ही गोष्ट ग्राहकांना आपण सांगणार आहोत की त्यांनी ती दुसऱ्याकडून ऐकायची आहे. घडून गेल्यावर धावपळ करणारा जनसंपर्क आणि घडण्याआधी पुढाकार घेणारा जनसंपर्क यांत फरक आहे तो इथे. पहिल्याचे सगळे कसब शब्द जुळवण्यात खर्च होते. दुसऱ्याचे काम बोलण्याच्या कितीतरी आधी, निर्णयांच्या आणि तक्रारींच्या पातळीवर सुरू होते.

हे काही आजचे शहाणपण नाही. आर्थर पेज या गृहस्थांना १९२७ साली अमेरिकेतील एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने बोलावले, तेव्हा नुसती प्रसिद्धी सांभाळण्याचे काम त्यांनी पत्करले नाही. कंपनीचे धोरण जिथे ठरते तिथे आपल्या म्हणण्याला जागा असली पाहिजे, अशी त्यांची अट होती. ती मान्य झाली आणि १९४६ पर्यंत ते त्या कंपनीचे उपाध्यक्ष राहिले. जनसंपर्कात नव्वद टक्के वाटा वागण्याचा आणि दहा टक्के बोलण्याचा, असे एक सूत्र त्यांच्या नावाने सांगितले जाते. आपल्याला आकड्यांची ती वाटणी काटेकोर मानण्याचे कारण नाही; पण धोरण ठरवताना ज्याला बाहेर बसवले, त्यालाच नंतर त्या धोरणाचे समर्थन करायला पुढे ढकलायचे, ही चाल पेज यांना जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी खटकली होती आणि ती आजही जशीच्या तशी चालू आहे, एवढे खरे.

जनसंपर्काच्या प्रत्येक वर्गात शिकवले जाणारे उदाहरण टायलेनॉलचे. १९८२ च्या सप्टेंबरअखेरीस शिकागो आणि आसपासच्या भागात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळले आणि सात माणसे दगावली. ते औषध बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन समूहाने सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या. त्यांची किंमत दहा कोटी डॉलरहून अधिक होती. काही आठवड्यांतच उघडल्याचे लगेच कळेल अशा तिहेरी मोहोरबंद वेष्टनात औषध पुन्हा बाजारात आले आणि गमावलेला ग्राहकही बराचसा परत मिळाला. विष कुणी घातले, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. ही कथा सांगताना सारे जण त्या एका आठवड्यातल्या तडफेचे कौतुक करतात. मला त्याआधीची काही वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. कंपनीची पहिली जबाबदारी औषध वापरणाऱ्यांशी आणि शेवटची भागधारकांशी, अशा आशयाचा एक पानी जाहीरनामा त्या समूहाने १९४३ साली तयार केला होता. असे जाहीरनामे चौकटीत बसून भिंतीवर धूळ खातात, हे आपण सारे जाणतो. सत्तरच्या दशकात समूहाचे प्रमुख जेम्स बर्क यांनी व्यवस्थापकांच्या बैठका बोलावून सरळ प्रश्न टाकला की, यावर आपला विश्वास नसेल तर हा कागद भिंतीवरून काढून टाकू या. त्यावर कडाक्याचे वाद झाले आणि जाहीरनामा टिकला. १९८२ मध्ये बाटल्या परत घ्यायच्या की नाहीत, हा प्रश्न त्या माणसांपुढे आला तेव्हा त्याचे निम्मे उत्तर त्यांनी आधीच दिलेले होते.

पण याच कथेचा पुढचा अध्याय वर्गात क्वचितच शिकवला जातो. २००८ च्या अखेरीस याच समूहाच्या मॅकनील या शाखेला मोट्रिन नावाच्या दुसऱ्या एका वेदनाशामक गोळीच्या काही मालात दोष आढळला. २००९ मध्ये जाहीरपणे माल परत मागवण्याऐवजी कंत्राटी माणसे दुकानोदुकानी पाठवून तो विकत घेण्यात आला आणि त्या माणसांना सूचना होती की सामान्य गिऱ्हाइकासारखे वागावे, माल परत मागवला जात असल्याचा उल्लेखही करू नये. ती लेखी सूचनाच पुढच्या वर्षी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे वाचली गेली. ज्या समूहाचे नाव मोकळेपणाचा आदर्श म्हणून घेतले जात होते, त्याच्याच माणसांवर ही पाळी आली. आगाऊ घेतलेला पुढाकार हा वारशाने मिळत नाही; माणसे बदलली आणि प्रश्न विचारण्याची सवय मोडली की भिंतीवरचा कागद पुन्हा नुसता कागद होतो.

उद्योजकांशी या विषयावर बोलताना मला नेहमी ऐकावी लागणारी म्हण म्हणजे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’. कुणी विचारले नाही तर आपण होऊन कशाला सांगा, असा तिचा रोख असतो. कायदा विभागाचेही तेच म्हणणे असते, आणि ते अगदीच गैरलागू नसते, कारण आज दिलेली कबुली उद्या न्यायालयात पुराव्यादाखल पुढे येऊ शकते. मात्र काय घडले, आपण काय करत आहोत आणि ग्राहकाने तोवर काय करावे, हे सांगणे म्हणजे दायित्व पत्करणे नव्हे. चांगला वकील आणि चांगला जनसंपर्क अधिकारी शांत वेळी एका टेबलाशी बसले, तर ही सीमारेषा त्यांना तासाभरात आखता येते. संध्याकाळी, फोन वाजत असताना, ती कधीच आखता येत नाही. तेव्हा वकील ‘बोलू नका’ एवढेच म्हणतो, आणि त्या घटकेला त्याच्यापाशी म्हणण्यासारखे दुसरे काही नसतेही.

झाकलेल्या मुठीची किंमत किती होते, याचा हिशेब इंटेल कंपनीने एकदा जगापुढे मांडून ठेवला आहे. तिच्या पेंटियम या प्रोसेसरमध्ये, म्हणजे संगणकातली आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपमध्ये, भागाकाराची एक चूक होती आणि ती १९९४ च्या उन्हाळ्यातच कंपनीच्या अभियंत्यांच्या ध्यानात आली होती. बाहेर कुणाला काही सांगण्यात आले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांनी स्वतंत्रपणे ती चूक शोधून परिचितांना ई-मेलने कळवली आणि इंटरनेटवर ती पसरली. कंपनीचे म्हणणे असे होते की, सामान्य वापरणाऱ्याला अशी चूक सत्तावीस हजार वर्षांत एकदा भेटेल. गणिताने ते बरोबर असेलही. पण आपल्याला खरोखर गरज आहे हे ज्याला पटवून देता येईल त्यालाच प्रोसेसर बदलून मिळेल, अशी अट घातली गेली, तेव्हा वाद गणिताचा राहिला नाही. डिसेंबरात आयबीएमने ते प्रोसेसर बसवलेल्या संगणकांचा पुरवठा थांबवला, त्यानंतर आठ दिवसांनी इंटेलने मागेल त्याला बदलून देण्याची घोषणा केली आणि या प्रकरणाचा भार म्हणून ४७ कोटी ५० लाख डॉलर हिशेबात दाखवले. उन्हाळ्यातच एक साधे निवेदन निघाले असते आणि त्यात ज्यांना गरज वाटते त्यांनी बदलून घ्यावे, असे म्हटले असते, तर एवढ्या लोकांनी बदलून मागितले असते का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. लोक भागाकाराच्या चुकीवर चिडले नव्हते, आपल्याला ती कळू दिली नाही यावर चिडले होते.

आपली उणी बाजू आपणच आधी सांगितली तर तिची धार कमी होते, हे केवळ सद्भावनेतून आलेले विधान नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लुटुपुटीचे खटले उभे करून हे तपासले गेले. आरोपीच्या विरुद्ध जाणारी गोष्ट त्याच्याच वकिलाने आधी सांगितली, तर प्रतिपक्षाने ती उघड केल्याच्या तुलनेत निर्णय देणाऱ्यांवर तिचा परिणाम सौम्य होतो, असे आढळले. पुढे संशोधकांनी हाच विचार कंपन्यांवरच्या संकटांना लावून पाहिला, तेव्हा आधी बोलणाऱ्यावर लोकांचा आणि बातमीदारांचा विश्वास अधिक बसतो, असे दिसले. माझ्या अनुभवाने यात एकाच गोष्टीची भर घालतो. आपण होऊन सांगितलेली बातमी सहसा मोठी होत नाही, कारण बातमीदाराला खणून काढण्याजोगे तिच्यात फारसे उरत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आगाऊ तयारी म्हणजे हाताशी भरपूर वेळ असणे, असे अनेकांना वाटते. तसे असते तर इक्विफॅक्स या कंपनीची गत तशी झाली नसती. कर्जदारांची आर्थिक माहिती बाळगणाऱ्या या अमेरिकी कंपनीच्या संगणकांत चोरी झाल्याचे तिला २९ जुलै २०१७ रोजी कळले आणि तिने ते ७ सप्टेंबरला जाहीर केले. मधले चाळीस दिवस तिच्याकडे होते, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती पणाला लागलेली होती. तरीही ग्राहकांसाठी उघडलेले संकेतस्थळ कंपनीच्या नेहमीच्या पत्त्याहून वेगळे, एखाद्या भामट्याने बनवावे तसे दिसणारे निघाले. ते किती सहज नकलता येते, हे दाखवण्यासाठी एका संगणक अभियंत्याने मिळत्याजुळत्या नावाचे खोटे संकेतस्थळ तयार केले, तर कंपनीच्याच अधिकृत ट्विटर खात्यावरून चौकशी करणाऱ्या ग्राहकांना त्या खोट्या संकेतस्थळाचा पत्ता एकापेक्षा अधिक वेळा देण्यात आला. चाळीस दिवस गुपित सांभाळण्यात गेले. ग्राहक पहिला फोन करील तेव्हा त्याला कोण, काय आणि कुठून उत्तर देणार, याची रंगीत तालीम झालीच नव्हती.

याच्या उलट नॉर्वेतील अ‍ॅल्युमिनियम बनवणाऱ्या नॉर्स्क हायड्रो कंपनीला एक दिवससुद्धा मिळाला नाही. १९ मार्च २०१९ रोजी तिच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला आणि सुमारे पस्तीस हजार कर्मचाऱ्यांची ही कंपनी एका रात्रीत कागद-पेन्सिलीवर आली. संकेतस्थळ बंद पडले म्हणून तिने फेसबुकवरून माहिती द्यायला सुरुवात केली, त्याच दिवशी पत्रकार परिषद घेतली, खंडणी देणार नाही असे सांगितले आणि पुढे कोणता कारखाना कितपत चालू आहे, कोणता हाताने चालवावा लागतो आहे, हे वेळोवेळी जाहीर करत राहिली. नुकसान मोठे झाले, कामही बराच काळ रखडले. पण कंपनीच्या वागणुकीबद्दल आदराने बोलले गेले. हल्ला कधी होईल हे तिला ठाऊक नव्हते. कोण बोलणार, किती बोलणार आणि ठाऊक नाही त्याला ‘ठाऊक नाही’ म्हणायचे की नाही, या गोष्टी मात्र हल्ल्याच्या सकाळी ठरवत बसाव्या लागल्या असत्या, तर दिवस मावळण्याआधी पत्रकार परिषद झाली नसती.

आता आगाऊ पुढाकाराच्या नावाखाली जे खपवले जाते त्याविषयी. ‘तुम्ही आधीच पुढाकार घ्या’ असे सांगितले की काही कंपन्या प्रसिद्धिपत्रकांचा रतीब सुरू करतात. दीपप्रज्वलन करणारे संचालक, सन्मानचिन्ह स्वीकारणारे संचालक, रोपाला पाणी घालणारे तेच संचालक, अशी छायाचित्रे वृत्तसंपादकांच्या टपालात रोज येऊन पडतात आणि ती पाहून कंपनीविषयी आदर वाढत नाही, उलट तिचे खरे महत्त्वाचे पत्रकही त्याच ढिगात हरवते. फोक्सवॅगनने अमेरिकेत आपल्या डिझेल मोटारी स्वच्छ असल्याचा गाजावाजा अनेक वर्षे केला. त्या प्रसिद्धीत पुढाकाराची काहीच कमतरता नव्हती. धूर तपासणीच्या वेळेपुरता कमी दाखवणारी आज्ञावली मोटारींत बसवलेली आहे, हे सप्टेंबर २०१५ मध्ये उघडकीला आले आणि जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख मोटारींचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा आधीची प्रत्येक जाहिरात आरोपपत्रातले एकेक कलम ठरली. पेजच्या त्या नव्वद टक्क्यांचा विसर पडला की उरलेले दहा टक्के असे उलटतात.

आमच्या व्यवसायाचे मूळपुरुष मानले गेलेले आयव्ही ली यांच्यातही हा दुभंग दिसतो. आपले काम उघडपणे चालेल, आम्ही बातमीसाठी माहिती देऊ आणि ती पडताळून पाहायला पत्रकारांना मदत करू, असे निवेदन त्यांनी १९०६ मध्ये वृत्तपत्रांना पाठवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक प्रवासी मेले. अपघाताची बातमी दाबायची, ही तोवरची रेल्वे कंपन्यांची रीत. ली यांनी उलट पत्रकारांना अपघातस्थळी नेले आणि कंपनीच्या वतीने माहितीचे पत्रक काढले. आधुनिक प्रसिद्धिपत्रकाची सुरुवात त्यालाच मानतात. पण १९१४ मध्ये कोलोरॅडोतील कोळसा खाणींच्या संपात माणसे मारली गेल्यानंतर मालकांच्या बाजूने त्यांनी जी पत्रके काढली, त्यांत कामगार पुढाऱ्यांच्या मिळकतीचे फुगवलेले, चुकीचे आकडे होते. मालकांनी दिलेले आकडे आपण न तपासता छापले, अशी त्यावरची त्यांची सफाई. ती वाचली की मला माझा ‘तुरळक’ आठवतो.

हे सारे पटूनही कंपन्या पैसा आणि माणसे या कामावर का लावत नाहीत, याचे कारण मला ठाऊक आहे : न घडलेल्या गोष्टीची पावती मिळत नाही. वेळीच विचारलेल्या प्रश्नामुळे जी बातमी कधी झालीच नाही, ती अर्थसंकल्पाच्या बैठकीत दाखवायची कशी? म्हणून मग छापून आलेल्या मजकुराचे कॉलम सेंटिमीटर मोजायचे, त्यांना जाहिरातीच्या दराने गुणायचे आणि एवढ्या रकमेची प्रसिद्धी मिळाली म्हणून सांगायचे, अशी पद्धत पडली. मीही दर तिमाहीला असे तक्ते केले. जनसंपर्काचे मोजमाप करणाऱ्या तज्ज्ञांनी २०१० मध्ये बार्सिलोना येथे जी तत्त्वे मान्य केली, त्यांत जाहिरातीच्या दरातली ही किंमत म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. तरी ते तक्ते अजून निघतात, कारण वाचायला सोपे असतात. त्याऐवजी मी संचालकांना तीन साधे प्रश्न विचारायला सांगेन. तक्रार पहिल्यांदा नोंदवली गेल्यापासून जनसंपर्क विभागाला कळेपर्यंत किती दिवस गेले? बातमीदाराच्या प्रश्नाला उत्तर द्यायला किती तास लागले? आणि कंपनीविषयीची वाईट बातमी आपल्याच कामगारांना कंपनीकडून कळली की वर्तमानपत्रातून? या उत्तरांचा तक्ता गोजिरवाणा दिसत नाही, पण तो दर महिन्याला करता येतो.

यातल्या शेवटच्या प्रश्नाला मी सर्वांत अधिक वजन देतो. कामगार घरी जातो, शेजारी त्याला विचारतात, आणि त्याने ‘मलाही तुमच्यासारखेच पेपरात वाचून कळले’ असे उत्तर दिले की कंपनीच्या शंभर खुलाशांचे पाणी होते. त्यालाच आदल्या दिवशी पाच मिनिटे थांबवून काय झाले ते नीट सांगितले असते, तर कुठल्याही प्रवक्त्यापेक्षा त्याच्या शब्दावर लोकांनी अधिक भरवसा ठेवला असता.

लहान उद्योजक म्हणतील, हे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत. माझे मत नेमके उलटे आहे. मोठी कंपनी एखादे वर्ष तोटा सोसून तग धरते. दहा-वीस माणसांचा कारखाना एका बदनामीने बंद पडू शकतो. आणि त्याला लागणारी तयारी अगदी थोडकी आहे. आपल्या धंद्यात काय काय बिघडू शकते याची प्रामाणिक यादी, त्यातल्या प्रत्येक बाबीवर पहिल्या तासात सांगता येतील अशी चार वाक्ये, मालक उपलब्ध नसेल तेव्हा बोलण्याचा अधिकार कुणाला याचा निर्णय, आणि रात्रीही लागेल असा एक दूरध्वनी क्रमांक, एवढे दोन पानांत मावते. आपल्या क्षेत्राची बातमी देणाऱ्या दोन-तीन बातमीदारांना, त्यांच्याकडे काहीही मागायचे नसताना, एकदा कारखाना दाखवून आणला तर अधिक चांगले. ज्याने यंत्र चालताना पाहिले आहे, तो ते बंद पडल्याची बातमी अधिक नेमकी लिहितो; गोड लिहील असे नव्हे, आणि तशी अपेक्षाही धरू नये.

शेवटी, संपादक महोदय, दोन विनंत्या आपल्याकडेही आहेत, कारण या व्यवहारात वृत्तपत्राचा वाटा काही कमी नाही. एखाद्या कंपनीने आपला दोष आपण होऊन जाहीर केला असेल, तर त्याची बातमी जरूर छापावी, ठळकपणे छापावी. पण पकडलेल्या चोरीचा मथळा तिला देऊ नये. सांगणाऱ्याला आणि लपवणाऱ्याला सारखेच फटके बसतात असे दिसले, की पुढच्या वेळी त्या कंपनीच्या बैठकीत ‘झाकली मूठ’ म्हणणाराच जिंकतो. मी अशा बैठकांत बसलो आहे आणि हरलो आहे.

दुसरी विनंती त्या ठरलेल्या वाक्याविषयी. ‘बाजू समजू शकली नाही’ एवढ्यावर न थांबता, प्रश्न केव्हा आणि कसे विचारले होते, तेही सोबत छापावे. ‘काल दुपारी सव्वादोनला सात प्रश्न लेखी पाठवले, रात्री नऊपर्यंत उत्तर आले नाही’ असे छापून आले असते, तर मी लिहिलेल्या निम्म्याअधिक खुलाशांना तोंडच उरले नसते. आणि ‘रात्री पावणेनऊला एकदा फोन केला’ असे छापावे लागले असते, तर उरलेल्यांपैकी काही बातम्या आपणच दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवल्या असत्या.

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त जनसंपर्क अधिकारी